तीन सह्यांचा कागद

महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून कॅन्सरचे उपचार घ्यायचे तर फाईलला एक कागद जोडावा लागतो. वर हॉस्पिटलचं नाव, मध्ये रुग्णाचं नाव, आजार आणि ठरलेले उपचार, खाली तीन सह्या: सर्जनची, किमो देणाऱ्या मेडिकल ऑन्कॉलॉजिस्टची आणि रेडिएशनवाल्यांची. याला म्हणायचं ट्यूमर बोर्ड. कागदाचा अर्थ असा, की हे तिघं एका टेबलाशी बसले, रिपोर्ट पाहिले, एकमेकांना चार प्रश्न विचारले आणि मग उपचार ठरवले. प्रत्यक्षात पुष्कळदा डॉक्टर बसत नाहीत, कागद फिरतो. वॉर्डातले मामा तो घेऊन ओपीडीपासून ओटीच्या दारापर्यंत जातात. दोन सह्या मिळतात. तिसरे डॉक्टर आज दुसऱ्या हॉस्पिटलला असतात, म्हणून तिसरी सही उद्या. मग हॉस्पिटलमधला योजनेचा माणूस, म्हणजे आरोग्यमित्र, कागद स्कॅन करून अपलोड करतो आणि मंजुरी येते. नियम पाळला गेला, बोर्ड बसलंच नाही.

माझं म्हणणं असं आहे, की सरकारनं आणि विमा कंपन्यांनी सह्या मागणं सोडून बैठक मागावी. आणि मागायची तर तिचे पैसेही द्यावेत.

पुण्यात तज्ज्ञांचा दुष्काळ नाही. अडचण वेगळी आहे. शहरातले बरेचसे कन्सल्टंट दोन-तीन हॉस्पिटलांना जोडलेले असतात: सकाळी कर्वे रस्ता, दुपारी हडपसर, संध्याकाळी स्वतःचं क्लिनिक. रेडिएशनचं मशिन मोजक्याच ठिकाणी असतं, कारण त्याला जाड काँक्रीटचा बंकर लागतो आणि अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगीही लागते. पॅथॉलॉजी बाहेरच्या लॅबमध्ये, पेट स्कॅन आणखी तिसरीकडे. एकाच माणसाचा आजार असा चार पत्त्यांवर पसरतो. फलटण, इंदापूर, करमाळ्याहून आलेला रुग्ण फिल्म, सीडी आणि रिपोर्टांची पिशवी घेऊन स्वारगेटला उतरतो, तेव्हा या चार पत्त्यांना जोडणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे त्याच्या हातातली पिशवी.

आता कन्सल्टंटला पैसे कशाचे मिळतात ते पाहा. ओपीडीचे, ऑपरेशनचे, राउंडचे. चार जणांबरोबर बसून फिल्म पाहिल्याचे नाही. सर्जननं बोर्डात 'हिला आधी किमो द्या' असं म्हटलं, तर त्याचं ऑपरेशन पाच-सहा महिने पुढे जातं आणि कधीकधी रुग्णच दुसरीकडे जातो. हा कुणाच्या सचोटीचा प्रश्न नाही. ज्या कामाचं बिल होत नाही ते काम आधी गळतं, एवढंच.

बैठक पहिल्या कापाआधी का हवी, हे स्तनाच्या गाठीवरून चटकन कळतं. तालुक्याच्या गावी गाठ 'लहानशीच आहे' म्हणून थेट काढून टाकली जाते आणि मग तपासायला पाठवतात. खरं तर आधी कोअर बायप्सी व्हायला हवी. म्हणजे जाड सुईनं गाठीचे चार-पाच बारीक दोरे काढायचे, त्यावर ईआर, पीआर (गाठ हार्मोनवर वाढते का) आणि हर-टू (गाठ वाढवणारं एक प्रथिन जास्त आहे का) या तपासण्या करायच्या आणि मग ठरवायचं. हर-टू पॉझिटिव्ह किंवा तिन्ही निगेटिव्ह असलेली, दोन सेंटिमीटरपेक्षा मोठी किंवा काखेत पसरलेली गाठ असेल, तर बहुतेकदा औषधं आधी आणि ऑपरेशन नंतर. औषधानं गाठ किती विरघळली यावरून पुढचं औषध बदलता येतं. गाठ आधीच बाहेर काढली तर हे कळायचा मार्ग कायमचा बंद होतो. नंतर पुण्यातल्या कितीही मोठ्या तज्ज्ञाकडे गेलं तरी तो परत मिळत नाही.

दुसऱ्या बाजूचीही चूक होते. किमो आधी द्यायचं ठरलं, बाटली चढली, गाठ विरघळली, सगळे खूश. सहा महिन्यांनी सर्जन विचारतो, आता कापू कुठे? गाठीच्या जागी धातूची बारीक क्लिप बसवून ठेवायला हवी होती. ते काम रेडिओलॉजिस्टचं, सोनोग्राफीखाली दहा-पंधरा मिनिटांचं. ते किमो सुरू होण्याआधी किंवा फार तर पहिल्या एक-दोन सायकलमध्ये, म्हणजे किमोच्या फेऱ्यांमध्ये, व्हायला हवं. किमो देणाऱ्याच्या डोक्यात ते येत नाही, कारण ऑपरेशन त्याला करायचं नसतं. सर्जनच्या ऑपरेशनची तयारी किमोच्या पहिल्या बाटलीआधी करावी लागते, आणि ही गोष्ट एका खोलीत बसल्याशिवाय कुणाला सुचत नाही.

याच्याही आधी एक बरणी असते, आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. काढलेला तुकडा तासाभराच्या आत दहा टक्के बफर्ड फॉर्मलिनमध्ये, म्हणजे तुकडा टिकवून ठेवणाऱ्या द्रवात, पडायला हवा. फॉर्मलिन तुकड्याच्या दहापट हवं आणि तो त्यात किमान ६ तास व जास्तीत जास्त ७२ तास राहायला हवा. छोट्या हॉस्पिटलात होतं काय? बरणी लहान, तुकडा मोठा, तो कोंबून बसवलेला. फॉर्मलिन संपलं म्हणून सलाईन ओतलेलं. किंवा शनिवारी संध्याकाळचा तुकडा लॅबचा माणूस बुधवारी उचलतो. अख्खा स्तन काढला असेल तर तो चिरून ठेवल्याशिवाय फॉर्मलिन आतपर्यंत जातच नाही आणि मध्ये तुकडा कुजतो. परिणाम काय, तर ईआर निगेटिव्ह येतो. तो खराच निगेटिव्ह आहे की बरणीनं केला, हे रिपोर्टावरून कळत नाही. त्या बाईला पाच वर्षं घ्यायची टॅमॉक्सिफेनची, हार्मोनचा परिणाम रोखणारी स्वस्त गोळी मिळायला हवी होती, ती मिळत नाही. पॅथॉलॉजिस्ट बैठकीत असेल तर तो विचारतो, 'तुकडा फॉर्मलिनमध्ये कधी गेला?' तीन सह्यांच्या कागदावर पॅथॉलॉजिस्टची सही नसते, हे इथं मुद्दाम सांगायला हवं.

तोंडाच्या कॅन्सरचं गणित आणखी कडक आहे. मशेरी, तंबाखू-चुना आणि गुटखा यांनी आपल्याकडे गालाचा आणि हिरडीचा कॅन्सर घरोघरी नेला आहे. त्यात बहुधा आधी ऑपरेशन, मग गरज असेल तर रेडिएशन. रेडिएशन ऑपरेशननंतर सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवं. ४२ दिवस ऐकायला पुष्कळ वाटतात. मोजून पाहा. जबड्याचं हाड काढलं असेल तर ते आधी आम्लात मऊ करावं लागतं, त्याशिवाय त्याचे काप निघत नाहीत. त्यामुळे पूर्ण रिपोर्टाला दहा दिवस ते दोन आठवडे जातात. रिपोर्ट येतो. रेडिएशनवाले तोंड उघडायला सांगतात, तर आत चार किडलेले दात. रेडिएशन दिलेल्या जबड्यातला दात नंतर काढला तर हाड सडू शकतं, म्हणून दात आधी काढायचे आणि जखम भरायला किमान दोन आठवडे थांबायचं. मग चेहऱ्याचा मास्क, सीटी, फिजिसिस्टचं प्लॅनिंग, म्हणजे आणखी आठवडा. झाले ३१ ते ३५ दिवस. यात मशिन दोन दिवस बंद पडलं, मंजुरीला रेशन कार्डावरचं नाव जुळलं नाही किंवा गावाकडे कुणी गेलं, की ४२ चा आकडा मागे पडतो. त्यानंतर रेडिएशन रोज एकदा, आठवड्यात पाच दिवस, असं साधारण ३० वेळा.

यातले दाताचे दोन आठवडे फुकट गेले. दंतवैद्य ऑपरेशनच्या आधी बोर्डात असता, तर तेच दात त्याच भुलेखाली, त्याच दिवशी निघाले असते. जास्तीचा खर्च जवळजवळ नाही. पण दंतवैद्याला ऑपरेशननंतर बोलवायची रीत पडून गेली आहे. आहारतज्ज्ञाचंही तेच. तोंड दोन बोटं उघडत नाही, महिनाभर पेज आणि चहावर काढलेला माणूस. त्याला ऑपरेशनआधीच नळीनं नीट खायला घातलं तर टाके वेळेवर धरतात. आहारतज्ज्ञ येतो तेव्हा मात्र वजन दहा किलोनं उतरलेलं असतं. आणि रिपोर्टात कडेला कॅन्सरच्या पेशी आल्या किंवा गळ्यातल्या गाठीचं आवरण फुटलेलं निघालं, तर रेडिएशनबरोबर सिस्प्लॅटिन हे किमोचं औषधही द्यावं लागतं. मूत्रपिंड ते सोसतील का, कान आधीच मंद आहेत का, हे मेडिकल ऑन्कॉलॉजिस्टनं याच ४२ दिवसांत तपासायचं असतं. त्याला रेडिएशनच्या पहिल्या दिवशी फोन येतो.

यावर नेहमी एक आक्षेप येतो: बोर्डामुळे उशीर होतो. बोर्ड आठवड्यातून एकदा, आजार रोज वाढतो. उशिराची किंमत मोठी आहे, हे मान्यच. २०२० मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आलेल्या एका मोठ्या विश्लेषणात उपचाराला दर चार आठवडे उशीर झाला की मृत्यूचा धोका साधारण ६ ते १३ टक्क्यांनी वाढतो, असं दिसलं. पण वरचा हिशेब पुन्हा पाहा. तिथले दिवस बैठकीनं खाल्लेले नाहीत, बैठक न झाल्यानं गेले आहेत. आणि आठवड्याची वाट पाहणं परवडत नसेल, अशी श्वासनलिकेवर दाब आलेली किंवा मणका दबलेली केस असेल, तर कुणी बोर्डाची वाट बघतच नाही, बघूही नये.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे, आणि बोर्डाच्या समर्थकांना तो आवडत नाही. नुसतं बोर्ड असून उपयोग होतो का? ग्लासगोत १९९५ मध्ये स्तनाच्या कॅन्सरसाठी अशा टीम सुरू झाल्या. त्याआधी तिथल्या रुग्णांत या आजाराचं मृत्यूप्रमाण आसपासच्या भागांपेक्षा ११ टक्के जास्त होतं, नंतर ते १८ टक्के कमी झालं. २०१२ मध्ये छापून आलेला हा अभ्यास १३,७२२ स्त्रियांचा होता. वर्षभरानं, २०१३ मध्ये, अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या १३८ हॉस्पिटलांचा अभ्यास आला. तिथं ट्यूमर बोर्ड असण्या-नसण्यानं उपचारांच्या दर्जात फारसा फरक दिसला नाही. दोन्ही अभ्यास खरे आहेत. ग्लासगोत टीमबरोबर ठरलेले प्रोटोकॉल, म्हणजे उपचारांचे लेखी नियम आले, ठरावीक तज्ज्ञांकडेच रुग्ण पाठवणं आलं आणि कामाचा आढावा आला. नुसत्या 'बोर्ड आहे का, हो किंवा नाही' या रकान्यात असा फरक दिसणारच नाही. आपला तीन सह्यांचा कागद नेमका तोच रकाना आहे.

मग बैठकीत बिघडतं काय? पहिली गोष्ट, सीडी उघडत नाही. बाहेरच्या सेंटरची सीडी हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरवर चालत नाही, म्हणून सगळे टाईप केलेला रिपोर्ट वाचून निर्णय घेतात. रेडिओलॉजिस्टनं आदल्या दिवशी चित्रं स्वतः पाहिलेली नसतील, तर त्या बैठकीला फारसा अर्थ नाही. तीच गोष्ट ब्लॉकची. गाठीचा तुकडा ज्यात जपून ठेवतात ते मेणाचे लहान ठोकळे पहिल्या लॅबमध्ये पडून असतात. नातेवाईक मागायला जातात तेव्हा काउंटरवरचा माणूस म्हणतो, अर्ज द्या, आठ दिवसांनी या. ब्लॉकवर पुढचे सगळे निर्णय टांगलेले असतात. हर-टू 'दोन प्लस', म्हणजे धड हो नाही आणि धड नाही नाही असा आला, तर फिश ही जनुकाची तपासणी त्याच ब्लॉकवर होते. दुसरी गोष्ट, रुग्णाला पाहिलेलं कुणीच खोलीत नसतं. स्कॅन छान दिसतो, पण माणूस दिवसातला निम्मा वेळ अंथरुणात आहे, घरी मूल एक वर्षाचं आहे, शेत गहाण आहे, हे रेसिडेंट डॉक्टरच्या एका वाक्यात येतं किंवा येतच नाही. असं बोर्ड कागदावर उत्तम उपचार ठरवतं आणि रुग्ण तिसऱ्या सायकलनंतर गायब होतो. तिसरी गोष्ट, सगळ्यात ज्येष्ठ सर्जन आधी बोलतात. त्यानंतर कुणी काही बोलत नाही. यावरचा साधा उपाय म्हणजे पॅथॉलॉजिस्ट आणि रेडिओलॉजिस्टनं आधी बोलायचं, आणि मतभेद झाला तर तो लिहून ठेवायचा.

तासात वीस केस म्हणजे एकीला तीन मिनिटं. म्हणून आधी छाननी हवी. ज्यांचा प्रोटोकॉल पक्का आहे त्या केस यादीवर नाव आणि स्टेज वाचून मिनिटभरात पुढे जाऊ द्याव्यात, आणि गुदाशयाचा कॅन्सर, परत उलटलेला आजार, गरोदर बाई, ऐंशीचं वय अशांना पंधरा मिनिटं द्यावीत. सगळ्यांना सारखा वेळ देणं न्यायाचं दिसतं, पण त्यात अवघड केसची उपासमार होते.

टीम म्हणजे फक्त तज्ज्ञ, हाही एक गैरसमज. किमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी तळाला जातात. त्यात ताप आला तर तो साधा ताप नसतो. ३८.३ अंश सेल्सिअस, म्हणजे १०१ फॅरनहाइट, एकदाही आला किंवा १००.४ चा ताप तासभर टिकला, तर लगेच रक्त तपासून तासाभराच्या आत शिरेतून अँटिबायोटिक सुरू करायचं असतं. पांढऱ्या पेशींतल्या जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल पाचशेच्या खाली असतील आणि तास उलटत गेले, तर जीव जातो. रात्री दहा वाजता दौंडजवळच्या वाडीत हे घडतं तेव्हा घरचे गावातल्या डॉक्टरकडे नेतात. तो पॅरासिटामॉल देतो, ताप उतरतो आणि सकाळपर्यंत सगळ्यांना वाटतं, बरं वाटतंय. त्या गावातल्या डॉक्टरला कुणी काही सांगितलेलंच नसतं. टीममध्ये तो असायला हवा, निदान त्याच्या हातात एक कार्ड तरी हवं: कुठलं औषध, कधी दिलं, ताप आला तर काय करायचं, रात्री कुठला नंबर उचलला जाईल.

किमो देऊन त्याच दिवशी घरी सोडणाऱ्या डे-केअरमधल्या सिस्टरचंही तसंच. डोस वजन-उंचीवरून काढलेला असतो. पहिल्या सायकलला घेतलेलं वजन चौथ्या सायकलपर्यंत तसंच चालवलं जातं आणि मधल्या काळात माणूस सात किलोनं उतरलेला असतो. आजचं वजन घेतल्याशिवाय, न्यूट्रोफिल दीड हजारावर आणि प्लेटलेट लाखावर असल्याशिवाय बाटली लावायची नाही, असं ठरवून बाटली थांबवायचा अधिकार सिस्टरला लेखी द्यावा. डॉक्टरला फोन करून 'सर, लावू का?' विचारण्यात आणि 'सर, थांबवली आहे' सांगण्यात मोठा फरक आहे.

वेदना आणि दम यांसाठीची पॅलिएटिव्ह टीम तर अजून 'काही उरलं नाही' तेव्हा आठवते. वारज्यात १९९७ पासून सिप्लाचं पॅलिएटिव्ह केंद्र आहे, तिथं उपचारांचे पैसे घेत नाहीत. म्हणजे हा शब्द पुण्याला नवा नाही. फुफ्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरमध्ये ही मदत उपचारांबरोबरच पहिल्यापासून मिळालेले रुग्ण बऱ्या अवस्थेत राहिले आणि जास्तही जगले, असं २०१० मध्ये अमेरिकेतल्या अभ्यासात दिसलं. बोर्डात त्यांची एक खुर्ची असली की 'आता मॉर्फिनची गोळी दर चार तासांनी, सोबत पोट साफ होण्याचं औषध' हे सहा महिने आधी सुचतं.

आता मागण्या. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात सगळ्या जिल्हा रुग्णालयांत तीन वर्षांत डे-केअर कॅन्सर केंद्रं काढायची घोषणा झाली, २०० त्याच वर्षात. औंधसारख्या जिल्हा रुग्णालयात जवळच्या माणसाला किमो मिळाली तर एसटीचा फेरा वाचेल, ही चांगलीच गोष्ट आहे. पण किमो कुणी ठरवली? खाटा आणि औषधं पोहोचतील आणि निर्णय पोहोचणार नाही, असं होऊ शकतं. प्रत्येक केंद्र एका भरवशाच्या बोर्डाला व्हिडिओनं जोडल्याशिवाय सुरूच होऊ नये. हे जमणारं काम आहे. २०१२ मध्ये सुरू झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडचे, म्हणजे देशातल्या कॅन्सर हॉस्पिटलांच्या जाळ्याचे, ऑनलाइन बोर्ड चालतात, नव्यानं काही शोधायचं नाही.

योजनेच्या पॅकेजमध्ये बोर्डाची एक वेगळी रक्कम असावी आणि ती उपस्थितांना मिळावी. बोर्डाची तारीख उपचार सुरू होण्याच्या आधीची नसेल तर मंजुरी थांबावी, फक्त तातडीच्या केसना सूट. पॅथॉलॉजिस्ट आणि रेडिओलॉजिस्टचं नाव नसलेला कागद ग्राह्य धरू नये. योजनेच्या तपासनिसांनी महिन्याला काही फाईली उघडून पाहावं, की ठरलं तेच झालं का. नाही झालं, तर का नाही. विमा कंपन्यांनाही हेच लागू, त्यांच्या टीपीएला, म्हणजे दावे तपासणाऱ्या मध्यस्थ कंपनीला, सध्या बिलाच्या ओळी दिसतात, निर्णय दिसत नाही. आणि लॅबनं ब्लॉक दोन दिवसांत रुग्णाच्या हातात द्यावेत, असा सरळ नियम व्हावा.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे समन्वयक. टाटा मेमोरियलनं 'केवट' या नावानं रुग्णाचा हात धरून नेणारी माणसं शिकवून तयार केली. केवट म्हणजे नावाडी, नाव अगदी बरोबर आहे. पुण्यातल्या हॉस्पिटलांत हे काम कधी समाजसेवक करतो, कधी रिसेप्शनिस्ट, बहुतेकदा रुग्णाचा धाकटा भाऊ. ही जागा पगाराची असायला हवी. बोर्ड उठल्यावर त्यानं रुग्णाला मराठीत एक पान द्यायचं: आजाराचं नाव आणि स्टेज, काय ठरलं, कुणाचं मत वेगळं होतं, पुढची पायरी कुठली, ती कुठल्या तारखेपर्यंत, आणि ती तारीख चुकली तर फोन कोण करेल. त्या शेवटच्या ओळीखाली सही एकच हवी, ज्याला फोन करायचा आहे त्याची, मोबाईल नंबरासकट.